डाव्या बाहीवरचे दोन झेंडे

जुन्या फोटोतला फौजी बिल्ला ओळखायचा असला, की सातारा जिल्ह्यातली माणसं धामणवाडीची वाट धरायची. तिथे सुभेदार सर्जेराव शेडगे राहायचे. फौजेच्या सिग्नल दलातून, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या पलटणीतून, निवृत्त झालेले, वय सत्तर, पाठ ताठ आणि मिशी अजून हुकमी. कुणाचा पणजोबा बसऱ्याला गेलेला, कुणाचा आजा ब्रह्मदेशात राहिलेला. घरात पिवळा पडलेला एक ग्रुप फोटो आणि त्यात चाळीस-पन्नास डोकी. ‘यातले आमचे कोण?’ एवढाच प्रश्न.

सर्जेराव फोटो पडवीत उजेडाला ठेवायचे, भिंग लावायचे आणि मग अर्धा-अर्धा तास हूं नाही की चूं नाही. टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरची पितळी अक्षरं, बाहीवरच्या फिती, दोरी डाव्या खांद्याला की उजव्या. चेहऱ्याकडे ते बघायचेच नाहीत. “चेहऱ्यात माणूस आपल्याला हवं ते बघतो,” म्हणायचे, “बिल्ल्यात जे शिवलंय तेच दिसतं.” खात्री नसली तर सरळ सांगायचे, ओळख पटत नाही. मग समोरच्यानं कितीही गयावया करू दे, अंदाज म्हणून एक नाव काही त्यांच्या तोंडून निघायचं नाही. ह्या बाबतीत माणूस भलताच खडूस.

आणि अशा माणसाला त्याची आईच एक दिवस म्हणाली, “सर्ज्या, आपला फोटू त्या साताऱ्याच्या मशिनीवर घालून आण की.”

सर्जेरावांना ते लागलं. “म्हणजे? मी ओळखलाय ना तो!”

“तू वळाकलास रं. पर एकडाव बघू.”

अनुसयाबाईंचं वय शहाण्णव. कानानं ठीक, डोळ्यांनी एका डोळ्यापुरत्या ठीक, आणि हट्टानं एकदम तरुण. “मला आता लई दीस न्हाईत,” त्या म्हणाल्या. “वर गेल्याव माझ्या बापाला वळाकायचं हाय मला. जल्मात बघितला न्हाई त्याला. तितं चुकीच्या मान्साच्या पाया पडलो, तर हसं हुईल का न्हाई?”

सर्जेरावांची बायको मालन फिस्सकन हसली. सर्जेरावही हसले. अनुसयाबाई मात्र हसल्या नाहीत.

मधल्या खोलीत भिंतीवर ज्यांचा फोटो होता, ते अनुसयाबाईंचे वडील, शिपाई केरू यसू निकम. लग्न झालं एकोणीसशे बेचाळीस साली. अकरा दिवसांची रजा, बाराव्या दिवशी माणूस बोटीवर चढायला निघून गेला, तो परत आला नाही. मुलगी झाल्याचं त्याला पत्रानं कळलं. इजिप्तच्या छावणीतून त्याचं एक पत्र आलं, पलटणीतल्या लेखनिकानं लिहिलेलं: माझ्या डाव्या बाहीवर आता दोन झेंड्यांचा बिल्ला लागला आहे, झेंड्यांनी निरोप पाठवायचं काम शिकलो, सगळ्यांचा मिळून फोटो काढला आहे, पाठवीन. पुढच्या वर्षी तो इटलीत पडला. फोटो आला लढाई संपल्यावर, त्याच्या पेटीतून. तोवर पटकीनं सासूसासरे गेलेले, घरात दुसरं कुणी उरलेलं नाही, आणि त्याची बायको भागीरथी लेकीला कडेवर घेऊन माहेरी, धामणवाडीत येऊन राहिलेली. धामणवाडीनं जावई पाहिला होता तो लग्नात, कपाळाला बाशिंग, तोंडावर मुंडावळ्या. फोटोत माणसं त्रेचाळीस. भागीरथीनं एकावर बोट ठेवलं, दुसऱ्या ओळीतला, हसरा, डाव्या बाहीवर फुलीसारखा बिल्ला असलेला. पुढे त्याचाच चेहरा साताऱ्याच्या स्टुडिओत मोठा करून, रंग भरून भिंतीवर आला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून भागीरथी त्यांना ‘फोटूतले’ म्हणायची. लेकही तेच म्हणायला शिकली. ‘फोटूतल्यांस्नी फूल वाहिलं का?’ असं ह्या घरात रोज सकाळी नव्वद वर्षं चाललं होतं.

त्या दोन झेंड्यांपायी तर सर्जेराव सिग्नलमध्ये भरती झाले. पहिल्या रजेवर आले तेव्हा जबलपूरहून भिंग विकत घेऊन आले होते, वय एकोणीस. फोटोवर वाकून बघितलं आणि ओरडले, “झेंडेच आहेत, आजी! सिग्नलचाच बिल्ला!” आजी तेव्हा खूप रडली होती. आनंदानं रडली, असं त्यांनी धरून चाललं.

आता ती मशीन कसली, ते सांगायला हवं. साताऱ्यात दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार सदतीस साली, सैनिकी छायाचित्रांचं एक केंद्र निघालं होतं आणि तिथे कणवाचक नावाचं यंत्र बसवलं होतं. जुना फोटो म्हणजे कागदावर बसलेले चांदीचे बारीक कण. जिथे उजेड पडला तिथे चांदी काळी होते आणि त्यातून चित्र उमटतं. फोटो फिका पडतो म्हणजे ती चांदी झिजते, गंजते, पण कागद सोडून जात नाही. डोळ्यांना कोरा दिसणाऱ्या जागेतही तिचा अंश शिल्लक असतो. कणवाचक क्ष-किरणांनी तो अंश हुडकायचा, एकेक कण मोजायचा आणि उडून गेलेलं चित्र जागच्या जागी परत उभं करायचा. मग गुंडीवरचा सिंह दिसायचा, बिल्ल्याच्या शिवणीचा टाका दिसायचा. हे झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं जगभरच्या दप्तरांचं. कुठल्या पलटणीत कुठल्या महिन्यात कोण शिपाई होता, कुणाला कुठला बिल्ला कधी मिळाला, ह्याचे कागद यंत्राच्या पोटात होते. बिल्ले जुळवायचे, याद्या जुळवायच्या, आणि फोटोतल्या प्रत्येक डोक्याखाली नाव.

दोन वर्षांत जिल्ह्यातल्या शेकडो भिंती बदलल्या. एका गावात दोन घरं एकाच माणसाला हार घालत होती असं निघालं. आता भांडावं कुणी आणि कशावरून, तेच त्यांना कळेना. एका घरानं तीन पिढ्या सांगितलं की आमचे आजोबा हवालदार, ते निघाले पलटणीचे आचारी. लोकांना अन्न शिजवून घालणारा माणूस काय वाईट? पण ते घर आठवडाभर बाहेर पडलं नाही. सर्जेरावांकडची गर्दी आटली. त्यांनी तोंडानं कधी तक्रार केली नाही, पण केंद्राच्या पायरीवर पाऊलही ठेवलं नव्हतं.

आईसाठी ठेवलं.

केंद्रातल्या डॉक्टर ऋजुता दामले पस्तिशीतल्या, पुण्याच्या. सर्जेरावांचं नाव त्यांना ठाऊक होतं. फोटो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि तीन दिवसांनी बोलावलं.

“बसा, सुभेदारसाहेब.”

“बसायला सांगताय म्हणजे बातमी चांगली नाही,” सर्जेराव उभ्याउभ्याच म्हणाले.

ऋजुतांनी पडद्यावर ती डावी बाही मोठी केली. सर्जेरावांना काही सांगावं लागलं नाही. झेंड्यांची कापडं वर फडकतात; इथे वर काहीच नव्हतं. जाड भाग खाली होता, दोन लाकडी दस्ते. फुलीत ठेवलेल्या दोन रायफली. नेमबाजाचा बिल्ला.

“वरच्या बाजूला कागदाला बुरशीचा डाग आहे,” ऋजुता हळू आवाजात म्हणाल्या. “भिंगातून तो कापडासारखा दिसतो. मलाही आधी तसंच वाटलं.”

“तुम्हाला वाटलं असेल. मला वाटायला नको होतं,” सर्जेराव म्हणाले आणि मग बसले.

हसरा माणूस होता शिपाई सोनू भिवा चव्हाण, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. तोही इटलीतच पडलेला.

“मग केरू निकम कोण? आहेत ना फोटोत?”

“आहेत.” पडदा सरकला. चौथी ओळ, डावं टोक. तिथे घरातल्या फोटोत नुसता धुरकट डाग होता, पाणी लागलंय असं सगळे समजत. आता तिथे एक माणूस उभा होता. डावा हात पोटाशी धरलेला, अगदी स्वच्छ, बाहीवर दोन झेंडे, एवढे स्पष्ट की काठ्यांची टोकंसुद्धा दिसत होती. त्या महिन्यात त्या तुकडीत झेंडेवाला एकच होता. आणि टोपीखाली, जिथे तोंड असायला हवं, तिथे एक कान, मानेचा थोडा भाग आणि करडा फराटा.

“हे काय?”

“ते हलले. संध्याकाळची वेळ होती, सावल्या लांब पडल्यात. कॅमेरा एक-दीड सेकंद उघडा ठेवला असणार. तेवढ्यात त्यांनी मान मागे वळवली आणि तशीच ठेवली.”

“तुमची यंत्रं हललेला फोटो सरळ करतात म्हणे.”

“खांदा हलला असता तर केला असता. पण चेहऱ्याचा उजेड कागदापर्यंत पोचलाच नाही, साहेब. जो उजेड पडला नाही, तो वाचता येत नाही.”

सर्जेराव त्या कानाकडे बघत राहिले. कान आपल्या आईच्या कानासारखा आहे का, असं बघायला लागले आणि स्वतःवरच चिडले. जन्मभर लोकांना सांगितलं, चेहऱ्यात बघू नका, आणि आता स्वतः कानात काय शोधताय?

निघताना ऋजुतांनी नियम सांगितला. पंधरा दिवसांनी ही ओळख सगळ्यांना खुली होणार आणि खेडला चव्हाणांच्या घरी कळवावं लागणार. “त्यांच्या नातीनं केंद्र निघालं तेव्हापासून अर्ज करून ठेवलाय. त्यांच्याकडे एकही फोटो नाही.”

घरी अनुसयाबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. “काय म्हनाली मशीन?”

“बिघडलीय,” सर्जेराव म्हणाले. “पंधरा दिवस लागतील.”

आईशी ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. मालननं ओळखलं. विहिरीपाशी गाठून तिनं सगळं काढून घेतलं आणि पदर तोंडाला लावून मटकन बसली. मग म्हणाली, “सांगून टाका की. फौजेत मोठमोठ्या सायबांपुढं बोलणारी तुमची जीभ आता कुठं गेली?”

“सांगतो. पण ती म्हणेल, मग दाखव माझा बाप. काय दाखवू? कान?”

सर्जेराव रोज सकाळी बघत, आई काठी टेकत मधल्या खोलीत जाते, जास्वंदीचं फूल चौकटीवर ठेवते, हात जोडते. खेडचा सोनू चव्हाण हसत असतो. सर्जेरावांना ते बघवायचं नाही. ते परड्यात जाऊन उगाच लाकडं रचत बसायचे.

आठव्या दिवशी ते पुन्हा साताऱ्याला गेले. आईला बरोबर नेलं नाही, पण तिच्या गालाच्या आतून कापूस फिरवून डबीत घेतला होता. ‘डॉक्टरांनी मागितलाय,’ असं दुसरं खोटं बोलून.

“तोंड तयार करता येतं ना तुम्हाला?” त्यांनी ऋजुतांना विचारलं. “रक्ताच्या नात्यावरून?”

ऋजुतांनी डबीकडे पाहिलं. “करता येतं. आईंचं बीज, म्हणजे डीएनए, तुमचं बीज, कानाचा आकार, डोक्याची ठेवण. त्यावरून यंत्र एक चेहरा काढतं. पण तो वाचलेला नसतो, रचलेला असतो. म्हणून आम्ही खाली ‘कल्पित’ असं छापतो.”

“ते छापू नका.”

“साहेब, तुम्ही हे म्हणताय?”

“मीच म्हणतोय,” सर्जेराव म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. “माझी आई शहाण्णव वर्षांची आहे हो. तिला तिचा बाप बघायचाय. तुमच्या दप्तरात काय लिहायचं ते लिहा. मला बिनशब्दाचा कागद द्या.”

शेवटी ऋजुतांनी यंत्राकडून चेहरा छापून घेतला, कागदाची खालची पट्टी कात्रीनं कापली, ती स्वतःच्या खणात टाकली, आणि वरचा भाग पाकिटात घालून दिला.

बसमध्ये सर्जेरावांनी पाकीट उघडलं. बाविशीतला एक देखणा जवान त्यांच्याकडे बघत होता. रुंद कपाळ, आईसारखे खोल डोळे. असा माणूस असेलही. नसेलही. त्यांनी पाकीट मिटलं आणि सातारा सुटल्यापासून गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

द्यायचा धीर व्हायला आणखी चार दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी, फुलं वाहून झाल्यावर, त्यांनी आईला पडवीत खुर्चीत बसवलं.

“आई, मशीन दुरुस्त झाली. आपलं जरा चुकलं होतं. भिंतीवरचे आपले नव्हेत. तुझे वडील हे.”

अनुसयाबाईंनी कागद चांगल्या डोळ्याजवळ धरला. किती तरी वेळ. मालन दाराआड उभी होती.

“डोळं माझं हायत,” अनुसयाबाई म्हणाल्या. “हनुवटी तुजी.”

“होय.”

“कुटल्या वळीत हुबा हाय?”

“चौथ्या. डाव्या टोकाला.”

“आन बरं फोटू. आन तुजं भिंग आन.”

आता नाही कसं म्हणायचं? सर्जेरावांनी आणून दिलं. म्हातारीनं भिंग ओळीवरून सरकवत टोकाला नेलं आणि थांबली.

“हितं तर धुरळा हाय, सर्ज्या.”

सर्जेराव भिंग परत घ्यायला पुढे झाले; म्हातारीनं ते सोडलं नाही.

“धुरळ्यातनं येवढं साजरं त्वांड काडलं व्हय मशिनीनं? पापण्या बी मोजून काडल्या? खरं सांग.”

आणि मग सत्तर वर्षांचा तो सुभेदार आईच्या पायाशी खाली बसला आणि सगळं बोलला. रायफली, बुरशीचा डाग, आपलं एकोणिसाव्या वर्षीचं भिंग, वळलेली मान, कापून टाकलेली पट्टी. “माझ्यामुळं झालं हे,” म्हणाला. “आजीनं चूक केली असंल, पण शिक्का मी मारला. मी नीट बघितलं असतं, तर तवाच कळलं असतं.”

अनुसयाबाईंनी त्याच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला.

“आजीनं चूक न्हाई केली. तिला ठावंच नव्हतं.”

“म्हणजे?”

“मरायच्या आदल्या दिशी सांगितलं तिनं मला. म्हनली, अनशे, म्या त्यांचं त्वांड बघितलंच न्हाई. अकरा दीस. घरात सासू, सासरा, आजेसासू. डोईवरचा पदर हितपत्तुर.” त्यांनी हात छातीपर्यंत आणून दाखवला. “वर बघितलं तर सासू डाफरायची. रातच्याला दिवा मालवल्याबिगर त्ये आत येत नव्हतं. पाय ठावं, हात ठावं, आवाज ठावा. त्वांड न्हाई. आन मग ह्यो फोटू आला. चावडीपुढं समदं गाव जमल्यालं. जुन्या जमादारानं इचारलं, पोरी, ह्यातला तुजा कंचा? आता सांग. कडंवर म्या. कडंवर पोर आन नवऱ्याचं त्वांड ठावं न्हाई, आसं सांगायचं तिनं गावाला? गाव हसून मेलं आसतं. तिनं पत्रातलं ध्येनात धरलं, डाव्या बाहीवर कायतरी दिसलं, ठिवलं बोट.”

मालन दाराआडून बाहेर आली होती. तिचे डोळे वाहत होते.

“म्हंजी तुला ठाऊक होतं?” सर्जेरावांनी विचारलं. “मग इतकी वर्षं फूल कशाला वाहिलंस?”

“आसला तर आसला म्हनून. तिनं बी तसंच वाहिलं. तू भिंग लावून वरडलास तवा ती रडली, त्ये आठवतं? तिला वाटलं, द्येवानं खरंच बोट धरून न्येलं हुतं. सुटली बिचारी. पर मरताना तिला पुन्यांदा शंका आली.” त्यांनी तो छापील कागद घडी करून त्याच्या हातात दिला. “ह्यो घिऊन जा. भितीवर आनिक एक परका मानूस नगं.”

पंधराव्या दिवसानंतर तिसऱ्याच दिवशी खेडहून ज्योत्स्ना चव्हाण आल्या. साठीच्या आसपासच्या, निवृत्त शिक्षिका, एसटीनं घाट चढून आलेल्या. चहा पुढे ठेवला तरी त्यांची नजर मधल्या खोलीच्या दाराकडेच.

“बघू का मी?” त्यांनी विचारलं.

अनुसयाबाईच त्यांना हाताला धरून आत घेऊन गेल्या. ज्योत्स्नाबाई फोटोपुढे उभ्या राहिल्या आणि पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडे आजोबांच्या जागी नारळ ठेवायचे. माझे वडील त्या नारळालाच नमस्कार करायचे. त्यांना सांगायला हवं होतं, की बाबा, तुमचे वडील असे हसायचे.” वडील जाऊन वीस वर्षं झाली होती.

“मालन,” अनुसयाबाई म्हणाल्या, “फोटू खाली काड. म्हागची कोळिष्टकं पूस. चांगला फडक्यात बांद.”

“नको नको, आजी!” ज्योत्स्नाबाई गडबडल्या. “मी मोबाइलवर घेते की. इतक्या वर्षांचं तुमचं...”

“तुजा आजा हाय, तू न्ये. मी त्याला बाप समजून समदं सांगितलं. लगीन ठरलं तवा सांगितलं, ह्यो सर्ज्या झाला तवा सांगितलं, मालक गेलं तवा ह्येच्याम्होरंच रडलो. कंदी रागावला न्हाई माज्यावर. लई चांगला मानूस हाय बग तुजा आजा.” मग त्यांनी चौकटीवरचं सकाळचं फूल उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. “ह्ये फूल बी त्याचंच.”

ज्योत्स्नाबाई त्यांच्या पाया पडल्या. मग दोघी एकमेकींना धरून रडल्या, एक साठीची आणि एक शहाण्णवची, आणि त्या दोघींचं एकमेकींशी काडीचंही नातं नव्हतं. सर्जेराव त्यांना एसटीवर सोडून आले. बसमध्ये ती फडक्यातली चौकट ज्योत्स्नाबाईंनी मांडीवर उभी धरली होती, आणि खिडकीतून हात करतानासुद्धा दुसरा हात तिच्यावरून काढला नाही.

घरी आले तो अनुसयाबाई पडवीत होत्या. मांडीवर ग्रुप फोटो.

“आता सांग,” त्या म्हणाल्या. “वर गेल्याव वळकायचं कसं?”

सर्जेरावांनी शेजारी बैठक मारली. फौजेत तीस वर्षं काढली, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. “मला माहीत नाही गं, आई,” ते म्हणाले. “जमलं असतं तर जीव दिला असता मी. पण तोंड काही मिळत नाही.”

“त्यानं बी मला बघितल्यालं न्हाई. दोगं बी एकमेकाला आनोळखी.” त्या धुरकट डागावर त्यांचं बोट फिरत होतं. “धुरळा कशानं झाला म्हनलास?”

“मान वळवली त्यांनी. फोटो काढत असताना.”

“आसं कसं येड्यावानी? समदी सरळ हुबी, आन ह्योच का वळला?”

“कुणी मागून हाक मारली असंल.” सर्जेराव थबकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अंदाज केला होता. “नक्की नाही सांगता येत. पण तसंच असंल.”

“हाक मारल्यावर वळला.”

“होय.”

“फोटू काडनारा दरडावतोय, हलू नगा म्हनून, तरी वळला.”

“होय, आई.”

अनुसयाबाईंनी मान वर केली. “मंग झालं तर. म्या हाक मारीन. किती का गर्दी आसंना. जो वळंल, त्यो माजा बाप.”

सर्जेरावांनी नुसती मान हलवली.

“पर हाक काय मारू?” म्हातारीच्या कपाळाला आठ्या पडल्या. “आमच्या घरात कुनी मारलीच न्हाई. आई नाव घ्येत नव्हती, म्या ‘फोटूतले’ म्हनायची. तू तुज्या बापाला काय म्हनायचास?”

“आबा.”

“आबा,” त्यांनी म्हणून पाहिलं. अक्षरओळख नवी झालेलं माणूस पाटी वाचतं, तसं. मग जरा मोठ्यानं, “आबा.” मान नकारार्थी हलवली. “न्हाई. येवड्यानं ऐकू जायाचं न्हाई.”

त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले, पाठ सरळ केली आणि सगळा दम लावून हाक घातली, “आबाऽऽ!”

मालन हातातली परात टाकून चुलीपासून धावत आली. “काय झालं? आत्याबाईंना काय झालं?” सर्जेरावांनी हात वर करून तिला तिथेच थांबवलं. मिशीवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

“आबाऽऽ!” अनुसयाबाईंनी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा आवाज चिरकला, खोकला आला. त्यांनी घोटभर पाणी मागून घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली.